ती छपाईची चूक नव्हती

प्रिय सुमनताई,

काल जेवताना माझ्या नातीने, ईशाने, सगळ्यांना फर्मावलं, "घरात पुस्तकी हुशार कोण कोण? हात वर करा!" तिच्या बाबाचा हात वर, आईचा वर. सवयीने माझाही निघाला होता. आणि एकदम तुम्ही आठवलात. तुम्ही असतात, तर दोन्ही हात पदराखाली लपवले असते! मग पाहिलं, तर ईशाचाही हात मांडीवरच. म्हणून हे पत्र.

मी लग्न होऊन रामदासपेठेच्या घरी आले, तेव्हा केवढं कौतुक! कॉन्व्हेंटची सून! आणि तुम्ही माझ्या थोरल्या नणंद, फार लवकर विधवा होऊन माहेरी परतलेल्या. मॅट्रिक झालात, तर मास्तरणीचं ट्रेनिंग मिळणार होतं, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. पण इंग्रजीत दोनदा नापास. मी शिकवते म्हटलं, तर हात झटकलेत.

"आपल्याले नाही जमत वं पुस्तक," तुम्ही म्हणालात. "डोक्यात भुसा आहे माझ्या. तू काहून जीव टाकून राहिली?"

माझं दुखणं मात्र तुम्हीच ओळखलंत. सासूबाईंनी अकोल्याच्या नातलगांना खुशालीचं पत्र लिहायला सांगितलं होतं आणि मी कोऱ्या आंतर्देशीयाकडे बघत बसले होते. मराठी बोलता यायचं, लिहायचं म्हटलं की हात थिजायचा. तुम्ही डोकावलात आणि टाळीच वाजवलीत.

"म्हंजे वहिनी, तूबी ढ!"

किती आनंद झाला होता तुम्हाला!

मग थंडीत अंगणातल्या उन्हात आपली शाळा भरली. मध्ये तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप. पुस्तक हातात घेतलं की तुम्हाला घाम फुटायचा, म्हणून पुस्तक बंद. मी इंग्रजी वाक्य म्हणायचं, तुम्ही शेंगा सोलता सोलता ते परत म्हणायचं. हात कामात असले की तुमची जीभ कशी मोकळी चालायची! आणि माझी पाळी आली की तुम्ही हिरव्या दाण्यांनी फरशीवर जोडाक्षरं मांडायचात. तुमचा तो दाण्यांचा 'ज्ञ' अजून डोळ्यांपुढे आहे.

सासूबाई आतून ओरडायच्या, "मले भाजीले दाणे पाहिजेत, बाराखडी नाही!"

जूनमध्ये निकाल आला. तुमचे भाऊ पेपरातल्या आकड्यांवरून बोट फिरवत होते, ते एकदम ओरडले, "ताई, आहे वं तुझा नंबर!"

तुम्ही कूलरच्या टाकीत पाणी ओतत होतात. बादली खालीही ठेवली नाहीत. "छपाईची चूक असंल," म्हणालात.

शेजारून दुसरा पेपर आणला. त्यातही नंबर.

"एकानं दुसऱ्याचं पाहून छापलं असंल!"

गुणपत्रिका हातात येईपर्यंत तुम्ही घरात पेढा येऊ दिला नाहीत. आम्ही पोट धरून हसलो होतो. पण ताई, तुम्ही थट्टा करतच नव्हतात ना?

पुढे शाळेत लागलात, पहिलीच्या किती पोरांना वाचायला शिकवलंत. तरी शेवटच्या आजारात नर्सने सहज शिक्षण विचारलं, तर म्हणालात, "कसंबसं मॅट्रिक." कसंबसं? मला रागच आला होता तुमचा. पण आजारी माणसावर कसं रागवायचं? आज रागवते! जिला एक ओळ लिहिता येत नव्हती, ती आज तुम्हाला एवढं मोठं पत्र लिहिते आहे. हे कुणी शिकवलं?

काल सगळे उठल्यावर ईशा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "आजी, मला गणित जमतच नाही. मी ढ आहे." तुमचाच आवाज ऐकल्यासारखं झालं.

बाजारात तुरीच्या शेंगा आल्यात, ताई. उद्या आणते. पोरीला समोर बसवते, पुस्तक बंद ठेवते, दाणे पुढ्यात ओतते. भाजीला उशीर झाला तर होऊ दे. आणि पुन्हा कुणी हात वर करायला सांगितलं, तर मी दोन्ही वर करीन. त्यातला एक तुमचा.

तुमची वहिनी,
सुधा

ता. क. कुठे जोडाक्षर चुकलं असेल, तर ती मात्र छपाईची चूक समजा.