कोणाच्या वयोमानाप्रमाणे?

प्रिय आई,

एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने हे लिहितो आहे. एमआरआयवाल्यांनी माझा पट्टा काढून ठेवला आणि हरवला. नागपूरच्या भर धंतोलीत, दवाखान्यांच्या गर्दीत, अब्रू मुठीत धरून चालणं म्हणजे काय, ते आज कळलं! तक्रार करू कोणाकडे? म्हटलं, तुझ्याकडेच करावी.

धंतोलीत गल्लीगणिक एमआरआयचं मशीन आहे गं. गुडघ्यांना वेळ मिळते, मणक्यांना मिळते. डिमेन्शियाच्या, म्हणजे तुझ्या त्या विसरण्याच्या आजाराच्या, संशोधनाचं नाव काढलं की सगळे घड्याळ बघतात.

तू तपासणीच्या पहिल्या खेपेला जरीचं पातळ नेसून आलीस, आठवतं? "दवाखान्यात का चिंध्या नेसून जाऊ? डाक्टर का म्हनन?" आणि त्यांनी तुला परत पाठवलं. जरीत धातू असतो म्हणे! हे आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं होतं, कागदावर, इंग्रजीत.

पुढची तारीख महिन्याने मिळाली. तोवर मी तुझा मुलगा राहिलो नव्हतो. मशीनच्या तोंडाशी तू मागे सरलीस आणि अनोळखी माणसाला रांगेत जागा द्यावी तसं म्हणालीस, "पयले तुमी जा, भाऊ."

अहवाल काय आला? मेंदू वयोमानाप्रमाणे आक्रसला आहे. कोणाच्या वयोमानाप्रमाणे? संशोधन करणारी डॉक्टर पोरगी परवा म्हणाली, "काका, तुलनेला बहुतेक स्कॅन श्रीमंत देशांतले. आपल्याकडचे निरोगी मेंदू मोजलेत कुठे?" म्हणजे विदर्भाच्या उन्हात चार पोरं वाढवलेल्या बाईला मडमेचं माप! असं तर शिंपीही करत नाही.

तू गेलीस, आणि आता तुझी धाकटी बहीण विसरू लागली आहे. तिच्या गावच्या, मौद्याच्या, वीजकेंद्राची वर्षानुवर्षं उभी असलेली उंच चिमणी बघून मावशी रोज सुनेला विचारते, "हे कवा बांधलं वं?"

त्या पोरीकडे साध्या प्लगवर चालणारं छोटं मशीन आलं आहे. मौद्याच्या दवाखान्यातही मावेल. पण त्याचे फोटो खरे की खोटे, हे ठरवायला तीच माणसं मोठ्या मशीनमध्येही झोपायला हवीत. आजारी आणि निरोगी, दोन्ही. निरोगी कोणी येईना! "पाहाले गेलं की काही ना काही निघतेच," म्हणतात. शेवटी निरोगी गटात माझं नाव घातलं. मावशी खो खो हसली. "याचा मेंदू बरा? कोन म्हनते?"

आज मोठ्या मशीनच्या दारात मात्र तीही तुझ्यासारखीच अडली. "मले भेव लागते गा." इतक्या दिवसांत तिला स्वतःबद्दल असं काही बोलताना ऐकलं नव्हतं.

आई, ते छोटं मशीन मौद्यात उभं राहीपर्यंत मी गप्प बसणार नाही. माझं तोंड तुला माहीत आहे; एकदा तरी ते कामी येऊ दे.

आणि आज पहिले मी गेलो. मग मावशी गेली.

तुझा मुलगाच,
मधू