जावयाचं कार्ड

२ डिसें., मंगळ
वारासिवनी. सासऱ्यांची राइस मिल. दाणे निवडायच्या मशीनच्या कॉम्प्युटरात माझं कार्ड बसवलं. चिपच्या आतली जोडणी मी स्वतः लिहून भरलेली, दोन महिने खपून. कॅमेऱ्यात काळा दाणा दिसला की हवेने उडवायचा, एवढंच त्याचं काम. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. कार्ड काढलं की कॉम्प्युटर शहाण्यासारखा सुरू. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. लाज वाटली, तरी चार खाल्ल्या. वर झोपही काढली.

३ डिसें.
सा. (सासरे) शांतपणे म्हणाले, "रविवारपर्यंत पाहा जावईबापू. नाही जमलं तं बालाघाटचं दुकान बंद करा न इथं गादीवर बसा." म्हणजे जन्मभर लोडाला टेकून धानाच्या पोत्यांवर नजर. पुण्याची नोकरी सोडून बालाघाटला कार्डांचं दुकान टाकलं ते काय यासाठी? स्लॉट बदलला. पॉवर सप्लाय बदलला. काळी.

४ डिसें.
आज शिस्तीत. दर वेळी भिंतीवरचा मेन बंद, शंभरपर्यंत मोजायचं, मग चालू. आठदा. ऑपरेटर सुकलालभाऊ हात बांधून शेजारी उभे. काही म्हणायचंय का, विचारलं. "नाही जी."

६ डिसें., शनि
काल गेलोच नाही, रुसून बसलो. बायको म्हणाली, कार्डावर रुसणारा पहिलाच माणूस पाहिला.
आज जेवून झोपायच्या ऐवजी सरळ मिलमध्ये. मशीन धडधडतंय. माझ्या कार्डावर! सुकलालभाऊ दचकून बंद करायला धावले.
मंगळवारपासून हेच चाललंय म्हणे. मी जेवायला गेलो की चालवायचं, येताना दिसलो की बंद. स्क्रीन काळी पडली की मेन न काढता रीसेट दाबतात, बस.
मले काहून नाही सांगितलं, विचारलं.
"जावईबापूले कोन शिकवन जी?"
कारण कळलं आणि कपाळावर हात मारला. मेन काढला की चिप रिकामी. पुन्हा भरायला वेळ लागतो, कॉम्प्युटर त्याआधीच हजेरी घेतो आणि अर्धवट जागं कार्ड पाहून अडकतो. रीसेटला वीज जात नाही, कार्ड जागंच असतं. माझी शिस्तच नडली. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

७ डिसें., रवि
सा.ना चालवून दाखवलं. खूश. रोज आधी बटण, स्क्रीन काळी पडली की रीसेट, असं दोनदा चालू करावं लागेल, हेही बोलून गेलो. गप्प बसायला काय झालं होतं?
"मंग रोज सकाळी तुम्हीच येत जा. सुकलाल तं जावयाच्या वस्तूले हात नाही लावत."
सुकलालभाऊ जमिनीकडे बघत उभे. खरं सांगावं तर त्यांची नोकरी जाणार, न सांगावं तर रोज इथं येऊन माझं दुकान बुडणार.
सेटिंगमध्ये सुरुवातीची मेमरी तपासणी चालू केली तर कॉम्प्युटर रेंगाळेल, तेवढ्यात कार्ड जागं होईल. मग एकदाच बटण, कुणीही दाबा. होईल बहुतेक. उद्या सा. यायच्या आत करून बघायचं.
निघताना पाहिलं, गादीवर नवी पांढरी खोळ चढवलीय.