री खोडून

५ ऑक्टोबर २०१५
प्रशिक्षण संपलं. आमच्या पारधी वस्तीतल्या आई-बापांनीच नव्या आई-बापांच्या घरी जायचं, पोराकडे बघायचं — असं काम. लिहिता येणाऱ्या बाया ऊसतोडीला निघाल्या. मी यंदा जाणार नाही. म्हणून हे काम मला.
फॉर्मवर छापलंय, ‘भेट देणारी’. चाळीस फॉर्मांवरची री पट्टी लावून खोडली, वर रा लिहिला. नर्सबाई म्हणाल्या, “सातवीच शिकलास ना रे?” हो. पण नीट शिकलो.

६ ऑक्टोबर
वजनकाटा दिलाच नाही. दूध सोसायटीत पेंडीचा टांगता काटा आहे. चेअरमन बबनराव म्हणाले, “पेंडीचा हाय बे. पोरं टांगतो का त्याला?”
“पेंड कुठंय?” मी म्हणालो. दुष्काळ, जनावरं सगळी चारा छावणीत.
पायरीवर बसून राहिलो. दुपारी त्यांनी काटा मांडीवर टाकला. “आणताना धुऊन आण.”
मी नेतानाच धुतला.

९ ऑक्टोबर
मनकर्णाचं पोर, बारा दिवसांचं. झोळीत टांगलं — एक किलो नऊशे. तीनदा बघितलं, तेवढंच.
जीपनं केजला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आईच्या उराशी उघडं ठेवा, दर दोन तासांनी पाजा, प्रवास नको. आणि नवरा बंकट पंचवीसला तिला घेऊन उसाला निघणार!

१४ ऑक्टोबर
बंकट चारचौघांत म्हणाला, “बाळंतिणीच्या खोपटात गडी शिरतो. लुगडं नेस बे.” सगळे हसले.
मी म्हणालो, “नेसतो. तू पोर उराशी धर.”

१५ ऑक्टोबर
परत गेलो. दारातूनच सांगितलं — माझा पोरगा उसाच्या फडातच वारला, सोळा दिवसांचा. त्याचं वजन कुणी केलं नव्हतं. आता चतुराला, माझ्या बायकोला, आठवा महिना आहे. मी येणार. रोज येणार.
बंकटनं ऐकलं. सदरा काढला, पोर उराशी घेतलं.

२० ऑक्टोबर
दोन किलो शंभर.

२५ ऑक्टोबर
ट्रक आला. ऊस तोडायला जोडी लागते; बंकट बायकोऐवजी भावासोबत जोडी लावून गेला. मनकर्णा राहिली. चढताना त्यानं विचारलं, “आज किती?”
“दोन दोनशे.”
“नीट लिही.”

८ डिसेंबर
चतुरा मोकळी झाली. मुलगी. झोळीची गाठ मी तीनदा बांधली, तीनदा सोडली. मनकर्णा पोर पाठीला बांधून आली. “सरक,” म्हणाली. तिनंच टांगलं, रेघा मोजल्या. “दोनच्या पुढं सात हायेत. लिही.”
लिहिलं. नव्या फॉर्मवर ‘भेट देणारी’पुढं मनकर्णाचं नाव घातलं; री खोडली नाही.