अ‍ॅप्रनवरचं यकृत

प्रिय उल्हासदादा,

रविवारी फोनवर तू म्हणालास, डॉक्टरांनी यकृताचा दाता शोधायला सांगितलंय. मी तोंड उघडायच्या आत विषयही बंद केलास. तुझ्यावर सुरी चालवू देणार नाही, घरचं काही सांग, म्हणालास. तर घरचं सांगते.

अवनीला तिसरीच्या विज्ञानात पचनसंस्था आहे. अ‍ॅप्रनवर कापडाचे अवयव चिकटवून शाळेत न्यायचे. काल इथल्या हौगांग भागातल्या मार्केटमधून रंगीत कापड आणलं. अन्ननलिका निळी, जठर गुलाबी, डावीकडे कललेलं. लहान आतड्यासाठी माझ्या जुन्या परकराची नाडी घेतली. कितीही वेटोळी घातली तरी संपेना. तिच्या बाबाला, निमिषला, अ‍ॅप्रन बांधून उभं केलं. त्याचंच पोट इतकं पुढे, की अवनीने त्याला श्वास रोखायला लावला.

उरलेल्या तपकिरी तुकड्याचं मी यकृत कापलं. ते सिलॅबसमध्ये नाही लाह, अवनी इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, अन्न त्यातून जातच नाही. खरं आहे. तरी मी ते उजवीकडे, बरगड्यांखाली लावलं. कापलं तरी पुन्हा वाढतं, असं सांगितल्यावर मात्र तिला ते पटलं. आपल्या किचनमधल्या पालीच्या शेपटीसारखं, म्हणाली.

आई सणाला मोजक्याच पुरणपोळ्या करायची. शेवटच्या पोळीचे तू दोन तुकडे करायचास आणि मोठा माझ्या ताटात सरकवायचास. पोट भरलं, म्हणायचास. मग स्वयंपाकघरात उभ्याने कटाची आमटी प्यायचास. मला दारातून दिसायचं. रविवारी, मी भरून पावलो, असं म्हणालास तेव्हा आवाज तोच होता.

मी इथे तपासण्या करून घेतल्या आहेत. रक्तगट जुळतो, यकृत निरोगी आहे. तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. उरलेल्या तपासण्या तिथे होतील. वहिनीला ठाऊक आहे, तिच्यावर रागावू नकोस. निमिषने रजा टाकली. मामाला केवढं देणार, अवनीने विचारलं. मोठा तुकडा, मी म्हटलं. उजवा भागच मोठा असतो आणि बहुतेक तोच काढतात. शुक्रवारच्या विमानाने येते आहे. या वेळी पोट भरलं म्हणू नकोस.

तुझीच,
उर्मिला