बरोबरीचा डाव आणि आप्पांचे घड्याळ

मी, शालन तात्याराव सोनकांबळे, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे आणि त्यावरची तारीख मी तपासली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते बनावट समजावे.

१. राहता फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला आहे. तो माझी भाची सोनाली संजय सोनकांबळे हिला द्यावा. कुलपे मात्र पहिल्याच दिवशी बदलावीत. एक किल्ली कोणाकडे तरी आहे असा मला संशय आहे.

२. चुलत भावाचा मुलगा समाधान माझ्या तब्येतीची चौकशी करताना फ्लॅटचे क्षेत्रफळही विचारतो. त्याला लोखंडी कपाट द्यावे. रिकामे करून.

३. माझी पत्त्यांच्या खेळांची वही माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावी. तीत एकवीसच्या खेळाची सगळी भावकी आहे: स्पेनमधला जुना एकवीस, फ्रेंचांचा, इंग्रज शिपायांचा पाँटून आणि समाधान गोव्याला जाऊन हरतो तो ब्लॅकजॅक. सगळ्यांत एकवीसच्या जवळ जायचे, ओलांडायचे नाही. बाकीचे नियम घरोघरी वेगळे. हे मला फार उशिरा कळले, म्हणून पुढचे कलम.

४. वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, मनगटी घड्याळ. आप्पा महायुद्धात लष्करी डेपोत होते. तिथे गोऱ्या शिपायांकडून ते पाँटून शिकले आणि आम्हा दोघा भावंडांना त्यांनी तो शिकवला. १९९३ साली ते गेले. घड्याळ कोणी ठेवायचे यावर माझे आणि धाकटा भाऊ संजय याचे एकमत होईना, तेव्हा एका डावावर ठरले. पत्ते संजयने वाटले, म्हणजे बँक त्याची. माझे एकोणीस झाले. त्याचेही एकोणीस. त्याने घड्याळ उचलले.

"ताई, बरोबरी बँकेची."

"कोणी सांगितलं?"

"आप्पांनी. तू तेव्हा पुस्तकात डोकं घालून बसायचीस."

"त्याच पुस्तकात लिहिलंय, बरोबरी झाली तर डाव पुन्हा. चोर आहेस तू."

घड्याळ मी त्याच्या हातातून काढून घेतले. परीक्षा विभागात मी तीस वर्षे कॉप्या पकडल्या; चोर ओळखता येतो असा माझा समज होता. संजय उठून वारज्याला गेला, तो बत्तीस वर्षे माझा उंबरा चढला नाही.

गेल्या महिन्यात सोनालीने, संजयच्या माळ्यावर सापडलेल्या, आप्पांच्या खिशातल्या डायरीचा फोटो मोबाइलवर पाठवला. मी म्हटले, फोटोत काहीही करता येते, मूळ डायरी आण. तिने आणली. पेन्शनच्या कागदांशी अक्षर ताडून पाहिले, भिंग लावून, दोनदा. अक्षर आप्पांचेच. त्यात पाँटूनचे नियम आहेत आणि तिसरा असा: दोघांचे सारखे झाल्यास बँक जिंकते.

कॉलेजच्या ग्रंथालयातले ते पुस्तक अमेरिकन ब्लॅकजॅकचे होते. पुस्तक खरे होते, खेळ दुसरा होता.

सोनाली म्हणाली, "आत्या, घड्याळ चालतंय का तरी?"

"न चालायला काय झालं? रोज किल्ली देते."

"तरी म्हटलं, बाबा अजून रिकामं मनगट का चोळतात."

हे ती मुद्दाम बोलली असावी. तरी घड्याळ संजयचे आहे. तेव्हाही त्याचेच होते. त्याला चोर म्हटले तो शब्द मी येथे लेखी मागे घेत आहे.

५. या मृत्युपत्राची एक प्रत संजयला रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. सोनालीच्या हाती नाही, ती मध्येच वाचेल. माझ्या हयातीत त्याने स्वतः येऊन घड्याळ नेल्यास त्यापुरते कलम ४ रद्द समजावे. रविवारी अकरा वाजता मी घरी असते. पत्ते बावन्नच आहेत का ते त्याने मोजून घ्यावे. मी राग मानणार नाही. बँक त्याची.

ठिकाण: पुणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: शालन तात्याराव सोनकांबळे

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर, प्रत्येक पान बघून, सही केली:
१. एजाज नासिर बागवान, शेजारी
२. डॉ. मुक्ताई श्यामसुंदर ओव्हाळ