दुकान बदलू नका

बाबा,

तुम्ही गेल्यावर इथे पुष्कळ बदललं, पण तुम्हाला आधी हे सांगावंसं वाटतं की गांजा आता इंग्लंडमध्ये औषध म्हणून मिळतो. सरसकट नाही. बाकीच्या गोळ्यांनी भागलं नाही आणि स्पेशालिस्टने लिहून दिलं, तरच. डॉक्टर व्हिडिओवर बोलतात, तेलाची बाटली कुरियरने घरी येते आणि तिच्यावर पेशंटचं नाव छापलेलं असतं. आपल्या घरातल्या बाटलीवर आईचं नाव आहे. हे ऐकून तुम्ही चष्मा काढला असता आणि बराच वेळ पुसत बसला असता.

हाउन्सलोच्या त्या स्वयंपाकघरात तुमचा एकच प्रश्न असायचा, कुठून आणलं? कोथिंबीर असो, आंब्याची पेटी असो, नागपूरहून मावशीने धाडलेलं चूर्ण असो. शेजारच्या दुकानात ताजी भाजी दिसत असली तरी तुम्ही आपल्या ठरलेल्या माणसाकडेच जायचात, मग तो सुकलेली भेंडी का देईना. मी केंब्रिजहून सुट्टीला आले आणि आईला माझ्या जॅकेटच्या खिशात गांजाची पुडी सापडली, तो दिवस आठवतो. आता तुम्ही घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं होतं. तुम्ही पुडी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलीत आणि विचारलंत, "कुठून आणलंस?"

"मैत्रिणीकडून."

"तिने कुठून आणलं?"

ते मला माहीत नव्हतं. "ज्याचा दुकानदार माहीत नाही ती वस्तू या घरात यायची नाही," एवढं बोलून तुम्ही आमटीत मीठ कमी आहे याकडे वळलात. पुडीचं पुढे काय केलंत ते मला कधीच कळलं नाही.

आईच्या पायांतल्या नसा दुखतात. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. मग अचानक बरी दिसायला लागली, आणि मी खोदून विचारल्यावर कळलं की मागच्या गल्लीतले रिटायर्ड बस ड्रायव्हर, तुमच्या दवाखान्यातले जुने पेशंट, दर गुरुवारी तिला आल्याच्या केकचे तुकडे आणून देतात. घरी केलेला केक, आत काय ते तुम्ही ओळखलंच असेल. येतात, चहा घेतात, तासभर बसतात आणि जातात. दूधवाल्याचा रतीब लावावा तसा आईने गांजाचा रतीब लावला होता.

"आई, हा गुन्हा आहे. पोलीस आले तर?"

"आले तर त्यांनाही चहा देईन."

"अगं, आता क्लिनिक आहे, सगळं लीगल मिळतं. आपण फक्त रेफरल घ्यायचं."

"आपला माणूस असताना दुसरीकडे कशाला जायचं?"

तिला कळत नव्हतं असं नाही. पण ती तुमच्याच तालमीत तयार झालेली. मी बेसिंगस्टोकला ऑफिसात बसून तिची काळजी करायचे आणि फोनवर तेच तेच बोलायचे.

मग एका गुरुवारी तिचा फोन आला. जीभ जड झाली होती, खुर्चीतून उठता येत नाही म्हणाली. मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि गाडी काढली. एम-थ्री मोटरवेला लागले. आई जाते की काय, एवढं एकच डोक्यात होतं. पोचले तोवर पॅरामेडिक तिला तपासून, धोका नाही असं सांगून निघत होते, आणि बस ड्रायव्हर तिच्या पायाशी स्टुलावर बसले होते. ते पळून गेले नव्हते. पॅरामेडिकना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं होतं. मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग ते म्हणाले, "माय ओल्ड सप्लायर मूव्ह्ड टु स्पेन, लव्ह. हा माल नव्या माणसाचा. युअर डॅड डिड वॉर्न मी."

त्या दिवशी त्यांच्याकडून मला तुमची एक गोष्ट कळली. त्यांची बायको कॅन्सरने अंथरुणाला खिळली होती. दवाखाना आटोपून तुम्ही रोज तिला बघायला जायचात. एकदा खोलीत शिरताच तुम्हाला गांजाचा वास आला. ते घाबरले. तुम्ही विचारलंत, "ती जेवते का?" अर्धी वाटी सूप घेते म्हणाले. मग, कुठून आणता? डेपोतल्या एका माणसाकडून. "मग त्याच्याकडूनच आणा. दुकान बदलू नका," असं म्हणून तुम्ही तिचं ब्लडप्रेशर घ्यायला लागलात. मला घरात एक नियम आणि पेशंटला दुसरा, असं म्हणून तुमच्यावर रागवायचं ठरवलं होतं मी. पण जमलं नाही.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे दुकान यांनीच बदललं. मग माझं काय अडलंय?" आणि क्लिनिकला तयार झाली. आता तेलाचे थेंब जिभेखाली ठेवते, पाय बरे आहेत, दर वेळी तेवढंच औषध आणि तोच परिणाम. ड्रायव्हर यायचे बंद झाले, विकायला काही नाही तर कशाला येतील. गुरुवारी घर गप्प असायचं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "औषध उत्तम आहे गं. पण कुरियरवाला तुझ्या बाबांना ओळखत नाही."

मग मीच त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, रिकाम्या हाताने या. आता येतात. गुरुवारी मी वर्क फ्रॉम होम घेते, आईकडूनच. परवा ते सांगत होते की निघताना तुम्ही त्यांच्या बायकोला गाणं म्हणून दाखवायचात. तुम्ही गाताना मी जन्मात ऐकलेलं नाही. आईने त्यांचा कप पुन्हा भरला. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहून टाकते: ते खोटं बोलत होते असं मला वाटलं, आणि तुमच्या 'कुठून आणलं'च्या सुरात मी त्यांना विचारलं, कुठलं गाणं?