रक्त पातळ करायची गोळी आणि दुसऱ्या अंकातला ॲटॅक

३ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहीन. मोठ्या नटाची रोजनिशी असाले पाह्यजे.

वडशाच्या गोदामात नाटकाची तालीम सुरू झाली. यंदाही बापाचा रोल माझाच. दुसऱ्या अंकात पोरगी पळून गेल्याची बातमी येते, बापाले हार्ट ॲटॅक येते, बाया पदर डोळ्याले लावतात. वीस सीझन झाले, अख्ख्या झाडीपट्टीत माझ्यासारखा ॲटॅक कोणाले जमला नाई. तरी कंपनीचा मालक गोपाल म्हणे, गुणवंतभाऊ, तब्येत पाहा, नाईतर पवनले तुमच्या लाइनी पाठ कराले सांगतो. पवन. त्याच्या मिशीले अजून गोंद लागते, अन् हा बाप होणार.

४ ऑक्टोबर
बायकोनं ब्रह्मपुरीले डॉक्टरकडे ओढत नेलं. मागच्या साली नागपूरले हार्टमध्ये स्प्रिंग बसवली, तेव्हापासून नीलाबाई माझी जेलर झाली.

साखर लय वाढली म्हणे. मंग डॉक्टरनं ज्ञान पाजळलं. एस्पिरिन, म्हणजे ती रक्त पातळ करायची गोळी, शुगरवाल्या हार्ट पेशंटले कधीकधी कमी लागू पडते. रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी त्यांच्यात भराभर नव्या बनतात, गोळीचा असर दिवसभर पुरत नाई. म्हणून साखर आटोक्यात ठेवा अन् गोळी एक दिवसही सोडू नका.

मी म्हणलं, लागू पडत नाई तर खायाची काऊन? तो म्हणे, कमी पडते म्हणलं, पडत नाई असं नाई म्हणलं. शब्दांचे खेळ आमालेही येतात, साहेब. आमचं पोटच त्याच्यावर आहे.

६ ऑक्टोबर
दाढी करताना हनुवटी कापली. रक्त थांबता थांबेना. टॉवेल खराब, नीलाबाईची कटकट. पण माझं डोकं चाललं.

शुगरवाल्याले गोळी लागू पडत नाई. मले तर दणकून लागू पडली. म्हणजे मले शुगरच नाई. डॉक्टर एवढं शिकला अन् हे त्याले सुचलं नाई. साखरेच्या गोळ्या आजपासून बंद. घरी सांगतलं नाई. बाईले लॉजिक समजत नाई.

उद्यापासून स्टेशनपर्यंत फिराले जाईन.

९ ऑक्टोबर
फिराले गेलो नाई. मोहल्ल्यातले कुत्रे माजले आहेत, नगरपरिषद झोपली आहे.

१० ऑक्टोबर
स्टेशनपर्यंत गेलो. तिथं जिलेबी गरम होती.

१२ ऑक्टोबर, दसरा
पुन्हा कापलं. प्रयोग म्हणून थोडं मुद्दामच. रक्त लवकर थांबलं. अर्थ स्पष्ट आहे: शरीर ठणठणीत झालं, जखम भरून काढाची ताकद आली. ठणठणीत माणसाले रक्त पातळ करून काय कराचं? आता एस्पिरिनही बंद.

नीलाबाई समोर उभी राहून गोळी देते. मी गालात धरतो, पाणी पितो, आ करून दाखवतो, मंग मोरीत थुंकतो. तिले काई समजत नाई. याले ॲक्टिंग म्हणतात. पवननं शिकावं.

१७ ऑक्टोबर
पवन म्हणे, दादा, तुमाले दम लागून राह्यला. मी म्हणलं, तुले माझा रोल लागून राह्यला. सगळे हसले. त्याचं तोंड उतरलं. दिवस चांगला गेला.

फक्त घरी येताना सायकल हातात धरून आणावी लागली. चाकात हवा कमी असन.

१९ ऑक्टोबर
नीलाबाईशी भांडण. भात कमी वाढते. मी म्हणलं, ॲटॅकच्या सीनले ताकद लागते. ती म्हणे, मराची एवढी प्रॅक्टिस झाली, आता थोडी जगाची करा. इतकी कडू बाई अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात नसन. तिच्याशी अबोला. जेवण झाल्यावर सुरू केला.

२४ ऑक्टोबर, दुपार
तालमीत आहो. पंख्याखाली बसलो तरी घाम सुटून राह्यला. मळमळ. दम लागते. पित्त आहे. सकाळची भजी.

पवन मागंच लागला. म्हणे त्याच्या मावशीले असंच झालतं, तिलेही शुगर होती, छातीत दुखलंच नाई अन् ॲटॅक निघाला. दवाखान्यात चला म्हणे. डाव समजला मले. पोट्टा मले आज ॲडमिट करन अन् उद्या माझा कोट घालन.

त्याले साफ सांगतलं. ॲटॅक तू मले नको शिकवू. डावा हात छातीवर जाते, डोळे फिरतात, गुडघे टेकतात, लेकीचं नाव निघते, मंग माणूस पडते. मले यातलं काईच झालं नाई. मी नुसता कपड्याच्या पेटीवर बसलो आहो.

गोपाल म्हणते, जमत असन तर सीन घेऊ. घेतो. दाखवतोच यांले.

२८ ऑक्टोबर, ब्रह्मपुरी, दवाखाना
ॲटॅकच होता म्हणे.

सीनमध्ये हात छातीपर्यंत गेलाच नाई. लेकीचं नाव आठवलं नाई. पोतं ठेवावं तसा बसलो. गोपाल म्हणे, भाऊ, आज मजा नाई आली, पुन्हा घेऊ. पवननं त्याले शिवी दिली, ब्रह्मपुरीच्या डॉक्टरले फोन लावला, त्यानं सांगतल्यावर एस्पिरिन माझ्या तोंडात कोंबून चावाले लावली, अन् जीपमध्ये घालून वैनगंगेचा पूल पार केला. डॉक्टर म्हणते, तो होता म्हणून तुमी आहा. पवनले मी थँक्यू म्हणलं नाई. तोंडात नळी होती. नळी निघाल्यावर तो दिसला नाई.

गोळी थुंकत होतो हे नीलाबाईले समजलं. चिडली नाई. पलंगाच्या कडेले बसून रडली, आवाज न करता. वीस वर्षं बाया रडवल्या, पण हिचं रडणं पाहवलं नाई. मले भीती वाटली. हे कोणाले सांगाचं नाई.

आज गोळी गिळली. खरी.

६ नोव्हेंबर, घर
भाऊबीज झाली, गावोगावी मंडईच्या जत्रा अन् रातचे नाटकं सुरू झाले. नागभीडच्या बाजूले आमचा पहिला प्रयोग झाला. मी घरी.

संध्याकाळी गोपाल आला. मी आधीच सांगतलं, महिन्याभरात स्टेजवर उभा राहतो, पवनले सवय नको लावू. गोपाल खाली पाहून बोलला. म्हणे पवननं तो सीन कराले नाई म्हणलं, म्हणून ॲटॅकच काढून टाकला. आता पडदा उघडते तेव्हा बाप मेलेलाच असते. लोकाईले काई फरक पडला नाई, उलट नाटक लवकर सुटते म्हणून खुश आहेत.

फक्त भिंतीवर लटकवाले बापाचा फोटो पाह्यजे. हार कंपनी देते. तुमचा चालन का, भाऊ?

नीलाबाई त्याच्यावर धावून गेली. मी तिले अडवलं. आपल्याच माणसाले धंदा समजत नाई. तिन्ही अंक स्टेजवर मी. पवन फक्त दोन अंकांत.

फोटो उद्या काढतो. दाढी नीलाबाई करून देणार आहे.